ॲम्प्लिफायर जिवंत आहे

“मिस माने, इसमें इतना क्या सोचना? साइन करो और छुट्टी करो,” सेखों साहेब म्हणाले, आणि स्वतःच्या पेनचं टोपण काढून त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

कागदावर मजकूर एका ओळीचा होता. ट्रेनिंग संस्थेच्या हॉलमधला ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या पलीकडे गेला आहे, एवढंच. खाली माझं नाव आधीच टाइप करून ठेवलेलं. याला आमच्याकडे ‘कंडेम करणं’ म्हणतात. सरकारात नवी वस्तू घ्यायची तर जुनी मेली, असं कुणातरी तांत्रिक माणसाने लिहून द्यावं लागतं. तो माणूस मी होते. आणि तो ॲम्प्लिफायर मी झाकण काढून, मीटर लावून, वायरन् वायर तपासून बघितला होता. तो माझ्याइतकाच धडधाकट होता.

“सर, ये खराब नहीं है,” मी म्हणाले आणि पेन परत दिलं.

ही चंदीगडची गोष्ट. सत्तरचं दशक संपत आलं होतं. केंद्र सरकारच्या एका खात्यात मी इलेक्ट्रिकलची ज्युनिअर इंजिनीअर होते. सांगलीला डिप्लोमा केला आणि पहिलंच पोस्टिंग थेट इथे. आमच्या ऑफिसात बाई म्हणून मी एकटी, त्यामुळे कुणी मॅडम म्हणे, कुणी मिस माने, आणि चिडले की सेखों साहेब ‘ओ कुड़िये’, म्हणजे ‘ए पोरी’, म्हणत. ते आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर. माझी नोकरी अजून प्रोबेशनवर होती, म्हणजे कच्ची. ती पक्की करायची की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. वडील गेल्यावर आई माझ्याकडे येऊन राहिली होती. सेक्टर बावीसमध्ये एका टेंट हाऊसच्या वर आमची भाड्याची खोली, आणि घरात येणारा पगार एकच. तेव्हा नोकरी गेली तर काय, हा प्रश्न मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सरकारी इमारतींमधली वीज, पंखे, लिफ्ट आणि लाउडस्पीकर आमच्या खात्याकडे असत. ही ट्रेनिंग संस्था त्यातलीच एक. देशभरातले अधिकारी तिथे कोर्सला येत. संस्थेचा हॉल मोठा देखणा होता. देखणा म्हणजे चंदीगडच्या भाषेत. सगळं उघडं काँक्रीट, गिलावा नाही, रंग नाही, मागची भिंत तर जमिनीपासून छतापर्यंत एकसंध करडी. आमच्या सांगलीकडे गिलावा नसलेली भिंत दिसली की मालकाचे पैसे संपले असं लोक समजतात. इथे ती मिरवायची गोष्ट होती. बाहेरगावचे पाहुणे आले की संस्थेचे डायरेक्टर माथुर साहेब आधी ती भिंत दाखवत आणि मग चहा पाजत.

या हॉलमध्ये मागे बसणाऱ्यांना काही म्हणजे काही समजत नसे. आवाज भरपूर येई, शब्द एकही नाही. मग कुणीतरी ओरडे, आवाज वाढवा. ऑपरेटर बटण पिळे. आवाज वाढला की शीळ घुमायची, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरायचा आणि कानात दाभण खुपसल्यासारखी किंचाळी उठायची. सगळे हसत, वक्ता वैतागे, माथुर साहेबांचा चेहरा लाल होई. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की ॲम्प्लिफायर गेला. त्यांच्या टेबलावर परदेशी सेटचं गुळगुळीत कागदाचं ब्रोशर होतं. इम्पोर्ट लायसन्सवर येणारा तो सेट एवढा महाग होता की तेवढ्यात तसे आणखी चार हॉल देशी सामानाने सजले असते. पण ग्रँट मंजूर होती आणि ती मार्चच्या आत संपवायची होती. नाही संपवली तर परत जाणार. सरकारात पैसे परत जाणं हे पैसे वाया जाण्यापेक्षा मोठं पाप समजतात.

मला संशय आला तो वेगळ्याच कारणाने. हॉल गच्च भरला की तक्रार कमी यायची. अर्धा रिकामा असला की वाट लागायची. आता ॲम्प्लिफायरला समोर किती माणसं बसलीत ते कळत नाही. मग एका दुपारी मी रिकाम्या हॉलच्या मध्यावर उभी राहिले आणि एक कडक टाळी वाजवली. मागच्या भिंतीवरून दुसरी टाळी परत आली, चांगली ठसठशीत. म्हणजे वक्त्याचा प्रत्येक शब्द माणसाच्या कानावर दोनदा येत होता, एकदा स्पीकरकडून आणि एकदा भिंतीकडून, आणि दोन्ही एकमेकांच्या अंगावर पडत होते. हॉल भरलेला असला की माणसांचे कपडे, कोट, शाली थोडा आवाज पिऊन टाकत. रिकाम्या खुर्च्या काही पीत नसत. अशा ठिकाणी आवाज वाढवणं म्हणजे भिंतीलाही वाढवून देणं.

हे मी सेखों साहेबांना सांगितलं. ते पोट धरून हसले. म्हणाले, तो फिर दीवार को कंडेम कर दें?

हसू मलाही आलं असतं, पण ते पुढे जे म्हणाले त्याने ते जागीच विरलं. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

“देखो, तुम्हारा कन्फर्मेशन मेरी मेज़ पर है. डायरेक्टर साहब मेरे ऊपर चिट्ठी लिखेंगे, मुझे तुम्हारे ऊपर लिखना पड़ेगा. एक डिब्बे के लिए?”

सेखों साहेब वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. त्या खरेदीत त्यांना एक पैसा मिळणार नव्हता. त्यांना फक्त कटकट नको होती. सगळं ऑफिस असंच होतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. डिब्बा त्यांना वाटला. मला तो माझ्या नावाखाली लिहिलेला खोटेपणा वाटला. मी कागद घेऊन माझ्या टेबलावर गेले, छापलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली हाताने लिहिलं की ॲम्प्लिफायर चालू स्थितीत आहे, दोष हॉलच्या मागच्या भिंतीचा आहे. त्याखाली सही केली. सेखों साहेबांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

घरी आईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती पाठ थोपटेल. तिने परातीतली कणीक मळता मळता थांबून विचारलं, “शाले, तुझ्या बापाचं काय जातंय त्यात? सरकार घेतंय, सरकार पैसे देतंय. तू मधी कशाला पडतीयास?”  ती पुढे म्हणाली की थंडीत हाडं फुटायची वेळ आलीय, तरी तुझ्या नोकरीपायी इथे बसलेय, ती तरी नीट टिकव. मग ती पुन्हा कणीक मळायला लागली. तिचं चुकत नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. पण सही बदलायची नाही हे माझं ठरलेलं होतं.

लिहिलेलं कुणी वाचत नसेल तर ऐकवावं, असं मी ठरवलं. जानेवारीचे पहिलेच दिवस होते. चंदीगडच्या थंडीत ऊन पडलं की ऑफिसं आपोआप रिकामी होतात. फायली आत आणि माणसं बाहेर, हिरवळीवर, शेंगदाणे सोलत, किन्नू म्हणजे तिकडची संत्री खात. संस्थेतही तसंच. धुकं हटलं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे लॉनवर पसरले. मी ऑपरेटरला बरोबर घेऊन हॉलमधला तोच ॲम्प्लिफायर, तोच माइक आणि तेच दोन कॉलम बाहेर काढले. कॉलम म्हणजे उंच अरुंद पेटी, आत एकावर एक स्पीकर बसवलेले. खिडकीतून वायर ओढली, लॉनच्या एका टोकाला मांडणी केली आणि नोटिस बोर्डावरचं रजेचं परिपत्रक माइकवरून वाचायला सुरुवात केली. माझं हिंदी सांगलीचं, परिपत्रकाचं हिंदी दिल्लीचं. तरी अगदी शेवटच्या झाडाखाली बसलेल्या क्लार्कने हात वर करून विचारलं की अर्जित रजेचं कलम पुन्हा वाचता का. मी पुन्हा वाचलं.

तेवढ्यात माथुर साहेब पोर्चमध्ये आले. ऐकत उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला. “अरे वाह, नया सेट आ भी गया?” त्यांनी विचारलं.

“नहीं सर, वही पुराना है,” मी माइकवरूनच सांगितलं. हे मुद्दाम केलं की चुकून झालं, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. मुद्दाम केलं.

लॉनवर जो हशा पिकला तो त्यांना झोंबला. ते माझ्याजवळ आले आणि इंग्रजीत म्हणाले की मैदानात चालणारी वस्तू हॉलमध्ये चालेलच असं नाही. मी म्हटलं, तेच तर सांगतेय, हॉलकडे बघा. त्यावर त्यांनी निकाल दिला. हॉलच्या भिंतीला हात लावायचा नाही. आर्किटेक्टने हॉल ताब्यात देताना बजावलं होतं की हे काँक्रीट झाकायचं नाही, रंगवायचं नाही, त्यात खिळासुद्धा ठोकायचा नाही. परदेशातले विद्यार्थी तिचे फोटो काढायला येतात. भिंत आहे तशीच राहील, सेट बदलेल.

मला वाटतं, अशी चूक चंदीगडमध्येच होऊ शकते. दुसऱ्या कुठल्याही गावात त्या भिंतीला एव्हाना कुणीतरी पडदे लावले असते, निदान कॅलेंडरं टांगली असती. इथे भिंतीची अब्रू राखायला सातासमुद्रापलीकडून बोटीने ॲम्प्लिफायर आणायची तयारी होती.

आमच्या खोलीच्या खालच्या टेंट हाऊसचे मालक किरपाल सिंग. लग्नाचे मांडव, सतरंज्या, खुर्च्या आणि कनाती भाड्याने देणं हा त्यांचा धंदा. कनात म्हणजे मांडवाच्या बाजूंना उभी करतात ती जाड कापडी भिंत, आत अस्तर, ठिकठिकाणी शिवून बसवलेले बांबू. त्यांच्याकडे पोह चालू होता. आपला पौष. पौषात जशी आपल्याकडे लग्नं नसतात तशी त्यांच्याकडेही पोहमध्ये नसतात. लोहडी, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा त्यांचा सण, होईपर्यंत धंदा बंद. सगळ्या कनाती गोदामात रचून ठेवलेल्या, आणि गोदामाला ओल. माल कुबट होतोय म्हणून ते रोज जिन्यात उभं राहून आईकडे तक्रार करत. आईला पंजाबी येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, पण ओल दोघांनाही समजत होती.

मी त्यांना विचारलं, की सुक्या, हवेशीर, मोठ्या हॉलमध्ये लोहडीपर्यंत कनाती उभ्या केल्या तर? त्यांनी भाडं मागितलं नाही. उलट टेम्पो त्यांनीच दिला. फक्त लोहडीनंतर एक दिवसही उशीर चालणार नाही, म्हणाले, पहिल्याच मुहूर्तावर तीन लग्नं आहेत.

माथुर साहेब चार दिवस दिल्लीला गेले होते, तेवढ्यात कनाती मागच्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या. खिळा नाही, भोक नाही. बांबू दोऱ्यांनी ओढून वाळूच्या पोत्यांना बांधले. भिंतीला लागत होतं ते फक्त कापड. मोठ्या दिमाखात मी टाळी वाजवली. फरक पडला होता, पण थोडाच. ऑपरेटर सरदारजी होता, त्याचा आवाज खर्जातला. तो माइकवर बोलला तर अजून घुमतच होतं. माझा चेहरा पडला. एवढं नाचून हा पराक्रम, असं क्षणभर वाटलं. मग कॉलेजात शिकलेलं आठवलं. कापड भिंतीला चिकटून असलं की फक्त चिरका आवाज खातं. खर्ज खायचा तर कापडामागे पोकळी लागते. आम्ही सगळ्या कनाती भिंतीपासून हातभर पुढे ओढल्या. मग कॉलम माइकच्या मागे होते ते पुढे आणले, आणि थोडे खाली झुकवले, म्हणजे आवाज भिंतीवर न जाता लोकांच्या डोक्यांवर पडेल. शेवटी ॲम्प्लिफायरचं बटण पूर्वीच्या निम्म्यावर आणलं. सरदारजी पुन्हा बोलला. मी शेवटच्या रांगेत होते. तो माइकवरून माझ्या कामाबद्दल पंजाबीत जे काही पुटपुटला तेही मला स्पष्ट ऐकू आलं.

सेखों साहेब बघायला आले. करड्या भिंतीपुढे लाल-पिवळ्या-निळ्या कनाती, त्यांवर फुलं आणि कारंजी. ते दारातच थबकले आणि म्हणाले, ये शादी किसकी है? मी त्यांना मागे बसवलं आणि पुढे जाऊन हळू आवाजात बोलले.  जाताना त्यांनी एका पोत्याला बुटाने ढकलून बघितलं, नीट बसलंय ना याची खात्री केली, आणि गेले.

लोहडीच्या आधी कोर्सचा समारोप होता. दिल्लीहून सेक्रेटरी यायचे होते. आदल्या दुपारी माथुर साहेब परतून हॉलमध्ये आले आणि कनाती बघून त्यांना घाम फुटला. त्यांच्या भिंतीला कुणी नवरीसारखं नटवलं होतं. त्यांनी फर्मावलं की हे सगळं आत्ताच्या आत्ता उतरवा. सेखों साहेब माझ्या शेजारी उभे होते. मी माथुर साहेबांकडे वळले. 

“सर, लिखकर दे दीजिए. मैं उतार दूँगी.”

लिहून दिलं असतं तर उद्या सेक्रेटरींचं भाषण मागे ऐकू आलं नाही की ते कुणामुळे, हे कागदावर आलं असतं. माथुर साहेबांनी सेखों साहेबांकडे बघितलं. माझा साहेब मला इथे तोंडघशी पाडणार, असं मला वाटलं. सेखों साहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि डायरेक्टरांपुढे धरलं. म्हणाले, लिख दो जी, अभी उतरवा देते हैं. माथुर साहेबांनी पेन घेतलं नाही. ते निघून गेले.

समारोपाच्या दिवशी मी शेवटच्या रांगेत बसले. सेक्रेटरी वयस्कर होते, तोंडातल्या तोंडात बोलणारे. त्यांचा शब्दन् शब्द मागे येत होता. शीळ एकदाही वाजली नाही. इतके दिवस भाषणं समजत नव्हती, त्यामुळे ती किती लांब असतात हेही त्या दिवशीच पहिल्यांदा कळलं. शेजारच्या प्रशिक्षणार्थ्याला डुलकी लागली. आवाजाबद्दल कुणीही काही बोललं नाही. आमच्या कामात हीच शाबासकी असते.

नंतर आभार मानताना माथुर साहेब म्हणाले की परकीय चलन वाचवण्यासाठी आमच्या संस्थेने हा स्वदेशी प्रयोग केला आहे. टाळ्या पडल्या. मी रागाने नुसती धुमसत होते. आमच्या संस्थेने म्हणे. पण परदेशी सेटचा विषय त्या वाक्याने कायमचा मिटला, कारण आता त्यांना तो मागताच येईना. ग्रँट परत गेली. लोहडीनंतर किरपाल सिंगांच्या कनाती वेळेवर घरी गेल्या, आणि आमच्या खात्याने त्यांच्या जागी लाकडी चौकटींवर दुहेरी गोणपाट ताणून, आत काथ्या भरून सुटे पडदे उभे केले. रंग काँक्रीटचाच, करडा. आर्किटेक्ट येऊन बघून गेला. त्याची काही हरकत नव्हती. त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे नोकरीत अनेक हॉल हाताखालून गेले. आवाज नीट येत नाही म्हणून नवा सेट मागणाऱ्यांना मी एकच सांगत आले. आधी मागच्या रांगेत जाऊन बसा, मग पैशाचं बोला. दहातले बरेचसे सेट तिथेच वाचतात. ज्यांना सेटच घ्यायचा असतो ते मागच्या रांगेत जायलाच तयार होत नाहीत, त्यावरून तेही ओळखू येतात.

आता माझ्या कन्फर्मेशनचं. ते आलं नाही. माझ्याबरोबर लागलेला मुलगा पक्का झाला, मला प्रोबेशन वाढवून मिळालं. त्या काळी वर्षाच्या गोपनीय अहवालात वाईट शेरा असला तर तो कर्मचाऱ्याला लेखी कळवत. मलाही कळवला. शेरा सेखों साहेबांच्या हातचा होता. काम उत्तम, तांत्रिक ज्ञान चांगले, सांगितलेले ऐकत नाही.

मी कागद घेऊन तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्या दिवशी माझ्या बाजूने डायरेक्टरांपुढे पेन धरणारा माणूस हे लिहितो, म्हणून माझा संताप झाला होता, आणि वाईटही वाटत होतं. मी विचारलं, सर, ये आपने लिखा है?

“हाँ,” ते म्हणाले. “तूने उस दिन जो सच था वो लिखा. मैंने भी जो सच है वो लिखा. इसमें ग़लत क्या है, बता.”

मी कागद घेऊन माझ्या टेबलावर परत आले.

अपील करायला मुदत होती. आईने स्वतः कोरे कागद आणून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, लिही, नमतं घे, माफी माग. नोकरी पुढच्या वर्षी पक्की झाली, पण तो मुलगा सीनियॉरिटीत माझ्या वर गेला तो मी रिटायर होईपर्यंत वरच राहिला, प्रत्येक प्रमोशन त्याला आधी. अपील केलं असतं तर कदाचित हे टळलं असतं. मी ते कागद दोन दिवस समोर ठेवून बसले. पण अपिलात लिहायला काहीच सुचेना. मी सांगितलेलं ऐकत नाही, हे खरंच होतं.